नजर धुवायला

आमच्या हमरापुरात मे महिन्यात कुणाला मान वर करायला वेळ नसतो. गणपती येतो भाद्रपदात, पण बोटीने परदेशी जाणाऱ्या मूर्ती त्याच्या कितीतरी आधी पेट्यांत भरून निघतात. ओट्यावर मूर्ती, पडवीत मूर्ती, पलंगाखालीसुद्धा मूर्ती. पाहुणा आला तर त्याला आधी बसायला जागा करावी लागते आणि मग पाणी द्यावं लागतं. अशा दिवसांत आमच्या मालकीणबाई, म्हणजे काकी, आपल्या मूर्तींच्या कारखान्याला कुलूप लावायच्या आणि आम्हा चौदा बायकांना घेऊन दिवसभरासाठी समुद्रावर निघून जायच्या. सकाळी सहाला निघायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. उन्हाळ्यात अशा तीन-चार सहली तरी व्हायच्याच.

गावाने त्यांना वेडी ठरवून टाकलं होतं. समोरच्या कारखान्यातले पुरुष आम्हाला टेम्पोत चढताना बघून म्हणायचे, "काकींना चतुर्थी लागली वाटतं."

कारण सहल नेहमी चतुर्थीला. विनायकी असो नाहीतर संकष्टी, काकींचा दिवस ठरलेला. त्यामागे भक्ती कमी आणि हिशेब जास्त होता. काकींचं माहेर पेणच्या खाडीकडचं, वडील मिठागरावर कामाला. भरती-ओहोटी त्या बोटांवर सांगायच्या. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पाणी पुरतं भरणार, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास पुरतं ओसरलेलं असणार. अलिबागला कुलाब्याच्या किल्ल्यात चालत जाऊन आरामात परत यायला याच्यासारखा दिवस नाही. काकींनी आयुष्यात कधी घड्याळ बांधलं नाही, आणि आम्ही एकदाही पाण्यात अडकलो नाही.

मी मूळची रोहा तालुक्यातली, खांबजवळच्या गावातली. आमच्याकडे भात आणि वाल. पाणी पाहिलेलं ते विहिरीचं आणि ओढ्याचं. लग्न होऊन हमरापूरला आले आणि महिन्याभरात काकींच्या कारखान्यात अंगाचा रंग द्यायच्या कामाला लागले. पहिल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी साफ सांगितलं, "रंगवायला जायचं तर जा. भटकायला नाय पाठवायची मी सुनेला."

मी निमूटपणे येत नसल्याचा निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडलं तर काकी आमच्या ओट्यावर बसलेल्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, डोक्याला टॉवेल, पायात मुलाचे रबरी बूट.

"वैनी, च्या टाका," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "तुमची सून आज कामावर हाय."

"काम कारखान्यात असतंय."

"आज समुद्रावर हाय. हजेरी लागणार. तिथं जाऊन नजर धुवायची हाय तिला. तुमच्या सुनेच्या हाताखालनं देव जातात, वैनी. आंधळा देव पाठवायचा व्हय लोकांच्या घरी?"

सासूबाई चुलीकडे वळल्या. त्यांनी चहा टाकला. काकी तो बशीत ओतून सावकाश प्यायल्या, आणि मी साडी बदलून येईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

मूर्ती वाहायच्या टेम्पोत भाताचा पेंढा तसाच पसरलेला असायचा. त्यावर आम्ही बसायचो. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, कैरीचं लोणचं, उपास असणाऱ्या बायकांना साबुदाण्याची खिचडी. काकींचा मुलगा टेम्पो चालवायचा. तोच सगळा व्यवहार बघायचा आणि या सहलींवर मनापासून चिडलेला असायचा. हमरापूर ते पेण, पेण ते वडखळ, वडखळला अलिबागचा रस्ता लागला की त्याचा चेहरा आणखी आंबट व्हायचा.

त्या पहिल्या दिवशी किनाऱ्यावर माझे पाय हलेनात. पाणी मागे गेलेलं, किल्ल्यापर्यंत ओली वाळू आणि खडक, मध्ये कुठे घोट्याएवढं पाणी.  तरी मी काकींचा पदर घट्ट धरला.

"सोड गो," त्या म्हणाल्या. "पदर धरून कुणी समुद्र बघतं का? पाणी आपली वेळ पाळतंय. आपण आपली पाळायची. मग भांडण कसलं?"

मी पदर सोडला नाही. त्यांनी पुन्हा सांगितलंही नाही.

किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे. तिथे आमचा पहिला मुक्काम. बाकीचे लोक हात जोडून पुढे जायचे, आम्ही समोर फतकल मारून बसायचो. मूर्तीचे डोळे कसे आहेत, पापणी कुठे संपते, सोंडेची सावली कशी पडते ते बघायचं. मग पश्चिमेकडच्या तटावर. तिथे काकी आम्हाला ओळीने बसवायच्या, गावाकडे पाठ आणि समोर नुसता समुद्र. बोलायचं नाही. मोबाईल आल्यावर तो टेम्पोत ठेवायचा असा नियम आला. सगळ्यात लांब जिथे पाणी संपतं तिथे नजर लावायची आणि मनात दोनशे मोजायचे. मोजून झालं की जवळचा दगड बघायचा. पुन्हा लांब. असं पाच वेळा.

"दिवसभर वीतभर अंतरावर बघता," त्या म्हणायच्या, "नजर आखडून जाते. तिला पसरायला जागा द्यायला लागते."

हे खूळ कुठून आलं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. काकी तरुणपणी आखणीच्या कामात नावाजलेल्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. रंग चुकला तर पुसून पुन्हा देता येतो, डोळा चुकला तर देवाचा चेहराच जातो. पन्नाशीच्या आत काकींचा डावा डोळा गेला. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे, उशीर झाला, कामाचा याच्याशी काही संबंध नाही. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अजिबात मानलं नाही. आपण वर्षानुवर्षं मान वर केली नाही म्हणून डोळा गेला असं त्यांनी ठरवून टाकलं. कुंचला खाली ठेवला तो कायमचा. आणि पुढच्या चतुर्थीपासून बायकांना समुद्रावर न्यायला सुरुवात केली.

डॉक्टरांचं खरं की काकींचं, मी सांगू शकत नाही. पण एक सांगते. पहिल्या सहलीनंतर त्यांनी मला एक तडा गेलेली मूर्ती दिली आणि डोळे काढायला सांगितले. मी जीव ओतून काढले. त्यांनी मूर्ती उजव्या डोळ्याजवळ नेली.

"डोळा उघडा हाय. पण बघत नाय."

त्या उन्हाळ्यात मी तडा गेलेल्या तेरा मूर्तींना डोळे काढले. तिसऱ्या सहलीनंतर, एका दुपारी, त्यांनी मूर्ती हातात घेतली, दाराशी उजेडात नेली आणि बराच वेळ परत आणली नाही. मग म्हणाल्या, "बघतोय गो." एवढंच. त्या दिवसापासून बाकीच्या तेराजणींबरोबर मीही आखणीला बसू लागले. एवढी वर्षं झाली, पण ते दोन शब्द अजून कानात आहेत.

काकींच्या आणखी कितीतरी तऱ्हा होत्या. किल्ल्यावरून येताना कुणी शिंपला उचललेला त्यांना चालायचा नाही. "घरात आधीच जागा नाय," म्हणायच्या. किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना थांबवून "तोंड इकडं करून काय बघता, तिकडं बघा," असं दरडावायच्या, आणि लोक गुपचूप वळायचेही. थळच्या कोळ्यांशी ओळख काढून एकदा त्यांनी आम्हाला होडीतून खांदेरीच्या बेटावर नेलं. होडी हलली तशी आमच्यातल्या निम्म्या देवाचा धावा करायला लागल्या. काकी म्हणाल्या, "अगो, देवाला कशाला बोलावता? त्याचे डोळे अजून काढायचे राहिलेत." घाबरलेल्या बायका त्या होडीत इतक्या हसल्या की होडीवाला आम्हालाच ओरडला.

आता पुण्याच्या व्यापाऱ्याची गोष्ट.

तो दरवर्षी मूर्ती घेऊन परदेशी पाठवायचा. त्या वर्षी त्याची ऑर्डर नेहमीपेक्षा बरीच मोठी होती आणि तो माल बघायला येणार होता. कधी येणार ते त्याने कळवलं नव्हतं. नेमका चतुर्थीच्या दिवशी आला. आम्ही कुलाब्याहून परत निघालो होतो, घोट्याभर पाण्यातून चालत होतो. काकींचा मुलगा किनाऱ्यावरून फोन हातात धरून धावत आला.

"आई, शेठ कारखान्यासमोर उभा हाय. कुलूप बघून तापलाय. बोल."

काकींनी फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"काकू, ऐन हंगामात कारखाना बंद? माझा कंटेनर अडकला तर जबाबदार कोण?"

"शेठ, तुमचा माल वेळेवर मिळणार. आता मी पाण्यात हाय. बाहेर आले की बोलते."

"तुम्ही सहलीला गेलाय? सगळ्या कामगार घेऊन?"

"कारागीर घेऊन," काकी म्हणाल्या.

"मग कारागिरांना घेऊन तिथेच राहा. मी दुसरीकडे बघतो."

"बरं," काकी म्हणाल्या आणि फोन मुलाच्या हातात दिला.

मुलगा तिथेच पाण्यात ओरडायला लागला. तो काही वाईट नव्हता. ऑर्डर गेली तर हंगामाचं काय होणार ते त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. "तुझ्या या खुळापायी आपण बुडणार," तो म्हणाला. "एक डोळा गेला म्हणून सगळ्यांचं आयुष्य घालवणार काय तू?"

 काकींच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी हललेलं पाहिलं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "जा तू. गाठ त्याला. आम्ही येतो."

तो टेम्पो घेऊन निघून गेला. भर दुपारी चौदा बायका आणि काकी अलिबागच्या रस्त्याने एसटी स्टँडकडे चालत निघाल्या. आमचे पाय भाजत होते, कारण काहींच्या चपलाही टेम्पोतच गेल्या होत्या. काकींनी आपले रबरी बूट काढून सगळ्यात म्हाताऱ्या बाईला दिले आणि स्वतः अनवाणी चालल्या.  एसटीत बसल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू माहेरी ट्रॅक्टर चालवायचीस ना गो?"

"शेतात, काकी. रस्त्यावर नाय."

"रस्ता शेतापेक्षा सपाट असतो," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

व्यापाऱ्याने ऑर्डर खरोखरच दुसरीकडे दिली. मुलगा पंधरा दिवस आईशी बोलला नाही, आणि टेम्पोची किल्ली आईसमोर ठेवून त्याने जाहीर केलं की सहलीला गाडी मिळेल पण ड्रायव्हर मिळणार नाही. काकींनी वाद घातला नाही. गणपतीचा हंगाम सरल्यावर त्या मला पेणला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने विचारलं, "मावशी, स्कूटर शिकवायचीय का?" काकी म्हणाल्या, "टेम्पो."

सासूबाईंनी त्या वेळी काय केलं? त्यांनी चहा टाकला. मी शिकून घरी आले की त्या रोज विचारायच्या, "आज मागे घेता आली का?" टेम्पो मागे घेणं मला सगळ्यात जड जात होतं, आणि ते जमलं त्या दिवशी सासूबाईंनी अख्ख्या आळीत सांगितलं.

पुढच्या वैशाखात मी स्टिअरिंगवर बसले. काकी म्हणाल्या, "आज अलिबाग नको. रोह्याला चल. तुझ्या वाटेने." रोह्याच्या खाली खाडीकडच्या एका गावात त्यांच्या माहेरच्या नात्यातला होडीवाला होता. तो आम्हाला कुंडलिकेच्या खाडीत, तिवरांनी वेढलेल्या एका बेटावर नेणार होता.

वडखळच्या नाक्यावर पोलिसाने हात केला. मी गाडी कडेला घेतली. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मागे पेंढ्यात बसलेल्या बायकांकडे.

"मालाच्या गाडीत माणसं बसवलीत?"

"माल घडवणारी माणसं हायत, साहेब," काकी म्हणाल्या. "गणपती करणाऱ्या."

त्याने माझं लायसन्स मागितलं. नवं कोरं होतं. उलटसुलट करून बघितलं. "लायसन्स ठीक आहे. पण हे चालणार नाही. पुढच्या वेळी माणसांची गाडी करा," तो म्हणाला. "दंड करतो." त्याने पावती फाडली, काकींनी ती घडी घालून कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "बरोबर हाय तुमचं." पुढच्या वर्षीपासून आम्ही मे महिन्यात रिकामी उभी असणारी शाळेची गाडी भाड्याने घेऊ लागलो. पण त्या दिवशी जे व्हायचं होतं ते पुढे खांबला झालं.

माझे वडील हायवेच्या कडेला ताडगोळे घेऊन उभे होते. मी येणार एवढंच त्यांना ठाऊक होतं. गाडी थांबली तसे ते मागच्या बायकांत मला शोधायला लागले. मग पुढे आले आणि काचेतून मला बघितलं. 

"तूच आणलीस व्हय?" त्यांनी विचारलं. "पेणहून?"

"हमरापूरहून, बाबा."

वडिलांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग बाजूच्या टपरीवरच्या माणसाला मोठ्याने म्हणाले, "माझी मुलगी हाय. आणि मागे बसल्यात त्या गणपतीचे डोळे काढतात." त्यांनी सगळ्यांना खाली उतरवून ताडगोळे खायला घातले. काकी त्यांना म्हणाल्या, "दादा, तुमच्या मुलीने पदर सोडलाय आता." वडिलांना काही कळलं नाही. मला कळलं. डोळे पुसायला मी तोंड फिरवलं तर काकी ओरडल्या, "रडू नको गो, गाडी चालवायची हाय."

खाडीतल्या त्या बेटावर समुद्रासारखं लांब काही दिसत नाही. चिखल, तिवरं, बगळे. काकींनी तिथे आम्हाला वेगळंच करायला लावलं. एकेक पान बघायचं, मग पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब. "दोन्ही सारखी हायत का?" नसतात. प्रतिबिंबाचा रंग नेहमी थोडा गडद असतो. त्या वर्षी आमच्या मूर्तींच्या बुबुळांत आम्ही खालच्या बाजूला गडद छटा दिली. कोणी ठरवून दिली नाही. चौदाही जणींच्या हातून आपोआप उतरली.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याचा व्यापारी पुढच्या वर्षीची ऑर्डर घेऊन परत आला. या वेळी आधी कळवून. दुसऱ्या कारखान्यातला माल त्याच्या गिऱ्हाइकांनी घेतला होता, पण तक्रार केली होती. काय तक्रार ते त्याला नीट सांगता येईना. "डोळे चांगलेच होते हो," तो म्हणाला, "पण लोक म्हणाले, मागच्यासारखा देव आपल्याकडे बघत नाही."

काकींचा मुलगा शेजारी उभा होता. त्याने खाली बघितलं. मग पुढे होऊन म्हणाला, "शेठ, ऑर्डर घेतो. पण चतुर्थीला कारखाना बंद असतो आमचा. लिहून घ्या." काकींनी मुलाकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे वळून कुणाला तरी पिवळा रंग पातळ झाला म्हणून ओरडल्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांनाच काही ना काही कारणाने ओरडून घेतलं.

व्यापाऱ्याने जाताना विचारलं, "आखणी करणारी बाई कोण? फोटो काढतो." काकींनी आम्हा चौदाही जणींना ओट्यावर ओळीने उभं केलं. स्वतः मात्र फोटोत आल्या नाहीत. तो फोटो आज कारखान्यात दाराच्या वर लावलेला आहे. कोणी पाहुणा आला की काकींचा मुलगा त्याला आधी तो दाखवतो आणि एकेकीचं नाव सांगतो.

या वर्षी काकींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर वारा आणि धूळ वर्ज्य सांगितली. सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच चतुर्थीला आम्ही त्यांच्याशिवाय निघालो. त्यांनी आदल्या दिवशी मला बोलावून पाण्याची वेळ तीनदा सांगितली आणि तीनदा माझ्याकडून वदवून घेतली. किल्ल्यात मी सगळ्यांना ओळीने बसवलं. दोनशे मोजताना माझा आकडा मध्येच चुकला, कारण शेजारची जागा रिकामी होती.

संध्याकाळी गाडी थेट त्यांच्या दारात थांबवली. काकी ओटीवर खुर्चीत बसलेल्या, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा.

"आलात गो? बसा. चपला नंतर काढा. एकेकीने सांगा काय बघितलंत."

सगळ्यात पहिली म्हणाली, धुक्यातून खांदेरीच्या आधी शेजारचं उंदेरी बेट दिसायला लागलं. दुसरी म्हणाली, पाण्यावर एका ठिकाणी ऊन पडलं होतं आणि ते सरकत होतं. तिसरीने एका कोळ्याच्या होडीचा फिकट हिरवा रंग सांगितला, तोही कसा बनवता येईल ते मिश्रणासकट. एकीने फक्त लाट फुटायच्या आधी तिच्या पोटात जो काळोख दिसतो तेवढाच बघितला होता. चौदावी मी. मी म्हटलं, पाणी आणि आभाळ मिळतात तिथे आज रेघच नव्हती, काकी. कुठे काय संपतं ते कळत नव्हतं.

काकी मान खाली घालून ऐकत होत्या. मुलगा दाराला टेकून उभा होता. मी बोलायची थांबले तेव्हा त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"चौदा जणी," त्या म्हणाल्या, "आणि कुणाही दोघींनी सारखी गोष्ट नाय बघितली." मग त्या खुर्चीत मागे टेकल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला दमलेल्या, पण फार सुखाने दमलेल्या दिसल्या. "जा आता घरी. उद्या आठला आखणीला बसा."